गोजीनं रोट खाल्ला

“ही पोरगी खेळणार नाही,” असं म्हणून आबांनी शिट्टी खिशात घातली.

धुळ्याचं मैदान, काळी माती, रात्रभर पाऊस पडून गेलेला. दोरीला चिकटून माणसंच माणसं, झाडावर माणसं, भिंतीवर माणसं. बायकांचा फुटबॉल बघायला आलेली ही गर्दी अर्धी खेळासाठी होती आणि अर्धी हसायला. आम्ही अमळनेरच्या पोरी रांगेत उभ्या होतो आणि आबांचं बोट माझ्या शेजारच्या गोजीवर होतं. आबा म्हणजे स्पर्धा भरवणारे. जुने पैलवान, कान मोडलेले, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात पत्र्याचा कर्णा. समोर उभ्या माणसाशीसुद्धा ते कर्ण्यातूनच बोलायचे. “नियम एकच,” ते कर्ण्यात ओरडले, “खानदेशातल्या घरच्या पोरी. ही कोणता घरनी शे?” लोक हसले. धुळ्याच्या संघाचा मॅनेजर बाजूला हात बांधून उभा होता. तक्रार त्यानंच केली होती. गोजी नसली तर आमच्याकडे गोल करणारं कुणी नव्हतं, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही.

गोजी रडली नाही. ती खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली. समोर खुर्चीवर छत्री धरून मुंबईच्या क्लबचा माणूस बसला होता. तो तिलाच बघायला आला होता आणि तिच्या भावानं तिला बजावलं होतं, “या सामन्यात कुणी तुला उचललं तर खेळ. नाहीतर बॉल सोडायचा, पुस्तक धरायचं.” तोपर्यंत गोजी कधी खऱ्या सामन्यात उतरलीच नव्हती. तिच्या देशात तिला वडलांनी उतरू दिलं नाही आणि इथे मुलींचे सामनेच नव्हते. हा एकच होता, आणि ती नाडी सोडत होती.

आता ही गोजी कोण, ते सांगते.

तिचं खरं नाव न्गोझी. ती नायजेरियाची. तिचा मोठा भाऊ आमच्या अमळनेरच्या कॉलेजात शिकायला होता, त्याच्या मागोमाग तीही शिकायला आली. वसतिगृह मुलांचं. मुलीला ठेवायचं कुठे, म्हणून कॉलेजातल्या एका सरांनी माझ्या वडलांना विचारलं. वडलांना आम्ही नाना म्हणायचो. ते तेलाच्या मिलमध्ये कामाला होते आणि आमच्या घरावर एक खोली रिकामी होती. नानांनी हो म्हटलं आणि घरी येऊन मायला सांगितलं, तेव्हा मायनं आधी विचारलं, “भाकर खाईल का ती?” बाकी काही तिनं विचारलं नाही. गोजी आली तेव्हा सगळी आळी दारात उभी होती. तिच्या रंगावर बायका कुजबुजल्या. आमच्या आळीत तिच्या तोडीच्या काळ्या चार जणी होत्या आणि कुजबुजण्यात त्याच पुढे होत्या. मायनं तिचं नाव दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही, मग म्हणाली, “गोजाच ना? मनी मावशीनं नाव बी गोजाच व्हतं.” झालं. मायच्या मावशीवरून ती गोजी झाली. दुधवाला, पोस्टमन, सगळे गोजी म्हणायला लागले. कॉलेजात ती इंग्रजी बोलायची आणि घरी आमची बोली, कारण घरात दुसरं कुणाला काही येत नव्हतं. मराठी तिला शेवटपर्यंत नीट आली नाही. अहिराणी मात्र अशी बोलायची की भाजीवालीला फसवता यायचं नाही.

आमच्या घराला तेव्हा मिलचा वास होता. शेंगदाण्याच्या पेंडीचा वास कपड्याला, उशीला, भाकरीलासुद्धा. भोंगा झाला की माय चूल पेटवायची, दुसरा भोंगा झाला की नाना दारात. मधूनमधून गाडीची शिट्टी. गोजीला पहिल्या दिवसांत या आवाजांनी दचकायला व्हायचं, नंतर भोंगा चुकला तर ती विचारायची. जेवणाचं तिला काही शिकवावं लागलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा ती घाम पुसत खायची आणि वर पुन्हा मागायची. मायनं भरताची वांगी भाजून बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, कुटायला घेतली, तर हिनं तिच्या हातातलं मुसळ काढून घेतलं. तिच्या घरी म्हणे मोठाले कंद उकडून असेच कुटतात. तिनं कुटलेलं भरीत आमच्यापेक्षा चांगलं व्हायचं. मायनं ते मान्य केलं, मी केलं नाही.

मिलच्या मागे पटांगण होतं. पाळी सुटली की मिलमधले बाप्ये तिथे बॉल खेळायचे. मी चौथी होऊन शाळा सोडलेली, मिलच्या शेडमध्ये शेंगा निवडायला जायची. एका संध्याकाळी गोजी मला बोलवायला आली आणि बाप्यांचा बॉल उडून तिच्या पायाशी आला. तिनं तो परत दिला नाही. पायातल्या चपला काढल्या आणि बॉल घेऊन सरळ आत गेली. चार बाप्ये तिला अडवायला आले, चारही मागे राहिले, आणि पाचवा, जो गोलमध्ये होता, तो बाजूलाच झाला. बॉल गोलात गेला. मग तिनं तो उचलून परत दिला. मी शेंगांचं सूप हातात घेऊन उभी होते. सूप कधी कलंडलं मला कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही पोरी जमलो. शेंगा निवडणाऱ्या, दोघीतिघी शाळकरी, आणि रझिया. रझिया पिंजाऱ्याची मुलगी. तिचा बाप गाद्यांसाठी कापूस पिंजायचा आणि माळ्यावरून कापसाचे गठ्ठे खाली टाकायचा, ते झेलायचं काम रझियाचं. म्हणून ती गोलमध्ये. ओढणी कमरेला आवळून ती उभी राहिली की बॉल तिच्या छातीवर येऊन थांबायचा. तिच्या बापाला कुणी मशिदीबाहेर टोकलं, तर तो म्हणाला, “पोर झेलते, पाडत नाही. तुमची काय करते ते बघा.” गोजी फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, गोल करायला. मी तिच्या डावीकडे, तिला बॉल पुरवायला. मी बॉल मिळाला की तो बघत बसायची आणि गोजी तिकडून ओरडायची, “बॉल नको देख! जागा देख!” बॉल माणसाकडे मारायचा नाही, माणूस जिथे पोचणार आहे तिथे मारायचा. हे मला कळायला पाऊसकाळ उजाडला. कळलं त्या दिवशी मी रात्री झोपले नाही, डोळे मिटले की मोकळ्या जागाच दिसायच्या.

परवा माझ्या नातीनं, ती जळगावला कॉलेजात असते, मोबाइलवर नायजेरियाच्या मुलींचा सामना लावून दिला. हिरवे कपडे, केसांना रंग, बूट नवे. त्यांची पुढची पोरगी गोल करून नाचली. नात म्हणाली, “आजी, कसली भारी ना?” मी म्हटलं, “भारी आहे. पण बॉल मिळाल्यावर तिनं खाली बघितलं. गोजी बघत नव्हती.” नात हसली. तिला वाटतं मी गंमत करते.

धुळ्याच्या स्पर्धेची खबर श्रावणात आली आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे कानबाई होती. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसवतात, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. त्या रविवारी रोट करतात, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू मोजून काढायचे, वेगळे दळायचे, आणि त्याचे रोट त्या कुळानंच खायचे. भाऊबंद खातात, सुना खातात, कुवारी मुलगी खाते. मुलीचं लग्न झालं की तिला रोट नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. परक्याला तर कणही द्यायचा नाही आणि रोटाचा तुकडा घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणात खड्डा करून त्यात ओततात, कुणी ओलांडू नये म्हणून.

माझी आत्या आमच्याकडेच असायची. आत्याला आम्ही फुई म्हणतो. फुई लग्न होऊन गेली, नवरा गेला, भावाकडे परत आली. कानबाईचं सगळं तिला पाठ. गहू कसे काढायचे, चौरंगावर नारळ कसा ठेवायचा, नथ कुठल्या बाजूला, सगळं ती सांगायची. आणि रोटाची पंगत बसली की ती उठून ओट्यावर जायची आणि शेजारणीनं आणलेली भाकर खायची. ज्या घरात जन्मली त्या घरात. तिला काय वाटायचं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तपकिरीची चिमूट ओढून म्हणाली असती, “तू तुनं काम कर.”

त्या रविवारी गोजीला भावाकडे जेवायला सांगितलं होतं. पण ती सकाळपासून पटांगणावर पळत होती. दुपारी सगळे भाऊबंद पुढच्या खोलीत कानबाईच्या आरतीला उभे, आणि ही मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. ताटावर ताट झाकलेलं होतं. आरती संपवून माय आत गेली आणि तिनं जी हाक मारली ती मला अजून ऐकू येते. आम्ही धावलो. गोजी पाटावर बसून बोटं चाटत होती.

“काय खादं वं तू?” माय.

“रोट.”

“कितला?”

गोजीनं ताटाकडे बघितलं. खोटं बोलायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. “बठ्ठा,” ती म्हणाली. म्हणजे सगळा.

माय तिथेच भुईवर बसली. तो नानांच्या वाटणीचा रोट होता. माझे एक काका देव अंगात आल्यासारखे ओरडायला लागले, “हाकला तिला! आत्ताच्या आत्ता घराबाहेर!” गोजी उभी राहिली, तिला अजून कळत नव्हतं आपण काय केलं. तेवढ्यात ओट्यावरून फुई आत आली. स्वयंपाकघराच्या दारात थांबली, त्या दिवशी तिला त्या दाराच्या आत यायचं नव्हतं, आणि म्हणाली, “हाकलशात कशी? रोट घरबाहेर जावाले नको, हाई नियम तुमनाच शे. रोट आते तिना पोटमा शे. काढा बाहेर.”

नाना हातात आरतीचं ताट घेऊन उभे होते. त्यांना हसू आवरेना. कानबाईकडे पाठ करून हसले, मग वळून तिला हात जोडले आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आपलीच समजा.” रोट खिरीबरोबर खाल्ला तरच पुरा होतो, म्हणून मायनं स्वतःच्या ताटातली खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी तिला वाढली. हात धुतलेलं पाणी तिनं आमच्याबरोबर खड्ड्यात ओतलं. रात्री काका जेवायला आले तेव्हा तिनंच त्यांना वाढलं. ते जेवले.

म्हणून धुळ्याच्या मैदानावर, आबांनी शिट्टी खिशात घातली आणि गोजी नाडी सोडायला लागली, तेव्हा जे झालं ते झालं.

आमच्याबरोबर एस.टी.नं फुईच आली होती. पोरींबरोबर बाईमाणूस पाहिजे आणि नानांची पाळी होती. ती लिंबाखाली आमच्या कपड्यांची गाठोडी राखत बसली होती. तिनं गाठोडी तिथेच सोडली, पदर खोचला, दोरीखालून वाकून मैदानात आली आणि चिखलातून सरळ आबांसमोर.

“आबा, कर्णा खाले ठेवा. मी बहिरी नही.”

“अक्का, तुम्ही बसा. हा खेळाचा मामला शे,” आबा कर्ण्यातूनच.

“घर कोनतं हाई तुम्हीच इचारं ना? मग ऐका. ह्या पोरनी आमनी कानबाईना रोट खादा शे.”

दोरीजवळची माणसं पुढे सरकली. मागची विचारायला लागली, काय म्हणाली, काय म्हणाली. धुळ्यातही घरोघर कानबाई नुकतीच उठली होती. आबांनी कर्णा खाली केला. पहिल्यांदाच त्यांचा खरा आवाज ऐकला. अगदी बारीक होता.

“कोनी दिधा तिले?”

“कोनी दिधा नही. खादा.”

“लगीन व्हयेल शे का तिनं?”

“कुवारी शे.”

आबांनी मोडका कान चोळला. ते अडकले हे मला दिसत होतं. त्यांच्या घरी ते थोरले होते, रोटाचा न्याय त्यांनाच करावा लागत असणार. फुई आणखी एक पाऊल पुढे झाली. “मी त्याच घरमा जन्मनू, आबा. लगीन व्हयनं, माले रोट नही. धनी गया, परत उनू, तरी नही. मी त्या घरनी नही आनि ही त्या घरनी शे. हाई मी म्हनी नही ऱ्हायनू, तुमनी कानबाई म्हनस. आते तुम्ही सांगा, ही कोनी पोर?”

ती हे ओरडून बोलली नाही. भाव विचारावा तसं विचारलं.

मॅनेजर पुढे आला. “आबा, हे रोटबीट काही स्पर्धेच्या नियमात नाही.”

आबांनी त्याच्याकडे बघितलं. “तू कुठला रे?”

“नाशिकचा.”

गर्दी एवढी हसली की झाडावरचा एक माणूस फांदीसकट खाली आला. आबा गोजीकडे वळले. आता ते तिला परीक्षेला बसवणार हे सगळ्यांना कळलं. ती इंग्रजीत बोलली तर संपलं.

“पोरी, रोट कसासंगे खादा?”

“खीरसंगे,” गोजी म्हणाली. “गंगाफळनी भाजी बी व्हती.”

“आनि कितला खादा?”

गोजीनं माझ्याकडे बघितलं, फुईकडे बघितलं, आणि मान खाली घालून म्हणाली, “बठ्ठा.”

असा गलका मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. टोप्या उडाल्या. “बठ्ठा! बठ्ठा!” लोक ओरडायला लागले, बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि आबांनी शिट्टी काढून अशी फुंकली की ती कर्ण्यापेक्षा मोठी वाजली. “बांध नाडी!” ते म्हणाले.

आणि मग आम्ही खेळलो. बॉल कातड्याचा, भिजून दगडासारखा जड. आमच्या पायात काही नाही, गोजीच्या एकटीच्या पायात बूट. धुळ्याच्या पोरी अंगानं मोठ्या, धक्का मारला की माणूस दोन हात लांब. पहिला गोल त्यांनीच केला. मग रझियानं लांब मारलेला बॉल माझ्याकडे आला आणि मी बघितलं, धुळ्याच्या दोन पोरी गोजीला चिकटून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे सगळं मैदान रिकामं होतं. मी तिथे मारला. कुणीच नव्हतं तिथे. लोक माझ्यावर हसले. हसू तोंडात असतानाच गोजी तिथे पोचली होती. तिनं बॉल थांबवलासुद्धा नाही, पळता पळता पाय लावला, आणि जाळी हलली. मी ओरडत होते, काय ओरडत होते माहीत नाही. दुसरा तिनं डोक्यानं मारला. बाई डोक्यानं बॉल मारते हे धुळ्यानं बघितलंच नव्हतं. क्षणभर गर्दीला वाटलं तिला लागलं, “अरे अरे!” झालं, मग कळलं गोल झाला. आबा नियम विसरून रेषेवरून तिच्याबरोबर पळत होते, धोतर सुटलेलं, “आमनी आंडेर शे! आमनी आंडेर!” म्हणत. आंडेर म्हणजे मुलगी, लेक. धुळ्याचा माणूस, धुळ्याच्या संघाविरुद्ध.

आम्ही हरलो. ते सांगायला पाहिजे. शेवटी त्यांनी दोन केले, एक तर रझियाच्या हातून निसटला, ओला होता. रझिया गोलमध्ये बसून रडायला लागली आणि मला तिचा राग आला, कारण मला स्वतःला रडायचं नव्हतं. तेवढ्यात छत्रीवाला माणूस उठला. पॉलिशचे बूट, कडक पँट, तो चिखलातून चालत गोजीपाशी गेला. दोघं इंग्रजीत बोलले. मला त्यातलं एकच कळलं, बॉम्बे. गोजीनं वळून आमच्याकडे बघितलं. “मुंबई,” ती म्हणाली. “खेळाले.” मग ती पळत लिंबाकडे गेली, फुईला उचललं आणि गरगर फिरवलं. फुई ओरडली, “ठेव खाले, तपकीर सांडनी!” त्या दिवशी आबांनी आम्हा सगळ्यांना, जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांना एकाच पंगतीत शेवभाजी खाऊ घातली. मी इतकी तिखट भाजी परत खाल्ली नाही आणि इतकी जास्तही.

पुढचं थोडक्यात सांगते. गोजी मुंबईला खेळली, मग तिच्या देशात परत गेली. तिथे मुलींचा संघ उभा राहत होता, त्यात ती फॉरवर्ड झाली. देशाच्या कपड्यात खेळली. मग गुडघा गेला, तेव्हा पोरींना शिकवायला लागली. तिची एक पोरगी मोठी खेळाडू झाली म्हणतात. माझं पुढच्याच उन्हाळ्यात शिंदखेड्याला लग्न झालं. नंतर मी बॉलला पाय लावला नाही. लोक विचारतात, वाईट वाटलं का. सासरी बारा माणसांचा स्वयंपाक होता, वाईट वाटायला सवड नव्हती. पण स्वयंपाकघरात मला अजून जागा दिसतात. कुणी कुठे पोचणार, कळशी कुठे ठेवायची, ते आधी दिसतं. सुना म्हणतात, आजीच्या आड कुणी येत नाही.

नात आता मोबाइलवर गोजीला दाखवते. केस पांढरे, काठी घेऊन बसलेली. मागच्या वेळी तिनं मला विचारलं, “कशी शेस?” मी म्हटलं, “शे अजून.” नाना गेले, माय गेली, फुई गेली, आबाही गेले. रझिया गेल्या पावसाळ्यात गेली. त्या दिवशी धुळ्याच्या मैदानावर आमच्या संघात उतरलेल्यांपैकी आता दोघी जिवंत आहोत. एक गोजी, एक मी.